शिसपेन्सिलीची फुली

२०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत मी लेकीकडे ओडबी येथे होतो. इंग्लंडमधील लेस्टर शहराला दक्षिणेकडून लागून असलेले हे गाव. ओडबी, विग्स्टन आणि साउथ विग्स्टन मिळून एक बरो होतो. वस्ती सुमारे ५७ हजार, नगरसेवक २६. त्यांची निवडणूक ४ मे रोजी, गुरुवारी होती.

निवडणूक असल्याचे मला कळले ते दाराच्या फटीतून आत पडणाऱ्या पत्रकांवरून. ना ध्वनिक्षेपक, ना मिरवणूक. पत्रकांतील विषयही साधेच : कचऱ्याचे डबे, वाहनतळ, मोकळ्या जमिनीवर घरे बांधावीत की नाही. शाळा आणि रस्ते काउंटीच्या अखत्यारीत. बरोकडे उरते ते उंबऱ्याजवळचे. एवढ्याशा कारभारासाठी माणसे दारोदार फिरतात, याचे मला नवल वाटले.

लेक अद्याप भारताचीच नागरिक. परंतु राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक तेथे कायदेशीर वास्तव्य करतात, त्यांनाही मताचा अधिकार असतो. त्या वर्षी इंग्लंडभर प्रथमच मतदानाला छायाचित्राचे ओळखपत्र आवश्यक झाले होते. तिने आपला भारतीय पासपोर्ट दाखवला आणि तो ग्राह्य धरला गेला. सुट्टी नव्हती, मतदान सकाळी सात ते रात्री दहा, म्हणून कामावरून परतल्यावर ती गेली. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. कागदावर शिसपेन्सिलीने फुली, घडी, आणि पेटी.

परतताना तिने सहज विचारले, "बाबा, गेल्या वेळी आपल्या वॉर्डातून कोण निवडून आलं होतं?"

मला उत्तर देता आले नाही. मी त्या निवडणुकीत मत दिलेच नव्हते. त्या आधीच्या दोन्हींतही नाही. 'आपण व्यापारी, कोणाशी वाकडे नको,' हे वडिलांचे वाक्य मी चाळीस वर्षे गादीवर बसून पाळले. वर्गणी सर्व पक्षांना दिली, मत कोणालाच नाही. दुकानापुढची गटार दर पावसाळ्यात तुंबे, पाणी पोत्यांपर्यंत येई. तेव्हा मी ओळखीच्या माणसाकरवी चिठ्ठी पाठवी. ती सावधगिरी आहे, असे मी समजत होतो.

त्या रात्री मला लेस्टरमधील गुजराती कुटुंबे आठवली. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास सांगितले. त्यांच्यापैकी अनेक जण व्यापारी. पेढ्या होत्या, बंगले होते, पण जेथे निर्णय होत तेथे त्यांचे फारसे कोणी नव्हते. लेस्टरच्या तत्कालीन नगरपालिकेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, येथे येऊ नका असे त्यांना कळवले होते. तरीही ते आले, दुकाने मांडली, आणि त्याबरोबर मतदार यादीत नावेही घातली. आज त्या परिसरातील मतपत्रिकांवर भारतीय उपखंडातील आडनावे सर्रास दिसतात. केवळ सचोटीने धंदा करून ही गोष्ट साधली नसती.

त्या देशात दोन उमेदवारांना समान मते पडली, तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. घरी बसणारा माणूस आपला निर्णय असाच कोणाच्या तरी चिठ्ठीवर सोडून देत असतो. मी तो चाळीस वर्षे सोडला.

परत आलो तेव्हा राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. निवडणुका रखडल्या होत्या. मत द्यावेसे वाटले तेव्हा मत देण्याची सोयच नव्हती! तरी मतदार यादी पाहिली. नवीन घरी राहायला आल्यापासून माझे नाव तीत नव्हते, आणि ते मला ठाऊकही नव्हते. व्यापाऱ्याने इतकी वर्षे स्वतःचेच खाते उघडून पाहू नये, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी अर्ज भरून दिला. मुनीमजींनी विचारले, "शेठ, आता या वयात?" मी म्हणालो, "जुनी बाकी आहे." आणि त्यांच्याही नावाची चौकशी केली.