दोन मिलिमीटरांची मुभा

जी वस्तू हाताळल्याने बिघडते आणि न हाताळल्यास जिचा काही उपयोगच उरत नाही, अशा वस्तूसाठी पेटी करणे हे सुताराच्या विद्येला केवढे आव्हान आहे, हे घोडेगावकडच्या एका गुरुजींनी अठरा सीड्या माझ्या कारखान्यात आणून ठेवल्या, त्या दिवसापर्यंत मला उमगले नव्हते. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या आंबेगावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे कॅसेटच्या फिती चिकटू लागल्या, तेव्हा पदरमोड करून त्या सीडीवर घेतल्या. आणि आता त्या सीड्या मिठाईच्या खोक्यात, एकीवर एक, मध्ये रद्दीचे तुकडे घालून ठेवलेल्या होत्या. "मिस्त्री," ते म्हणाले, "गाव गेले, त्या बायाही एकेक करून गेल्या. आवाज तेवढा राहिला आहे. त्याचा काही बंदोबस्त करा."

आम्ही नारायणगावचे. चैत्र लागण्याच्या सुमारास आमच्या गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी यात्रेची सुपारी देण्यासाठी तेथे येतात. माझ्या वडिलांचे निम्मे आयुष्य या फडांच्या पेट्या करण्यात गेले. आज या गावी तर उद्या त्या गावी, मध्यरात्री खेळ संपला की अंधारातच सामान भरून पहाटे पुढल्या मुक्कामाची वाट धरावयाची, अशा त्या जिण्यात ढोलकीची पेटी केवळ मजबूत असून भागत नसे. ती नुसत्या स्पर्शाने उघडावी, मिटावी आणि वस्तू तिच्यात एकाच रीतीने बसावी, अशी त्यांची तजवीज असे. जी पेटी उघडण्यास अवघड, ती चार दिवसांत उघडीच राहू लागते आणि आतली वस्तू बाहेर लोळू लागते, हे त्यांनी पुन्हापुन्हा पाहिले होते. सुरक्षितता आणि सुलभता या दोन गोष्टी आपण एरवी परस्परविरोधी मानतो. वडिलांच्या पेट्यांत त्या एकच होत्या, आणि गुरुजींच्या कामाचा आरंभ मी तेथूनच केला.

प्रथम ती तबकडीच समजून घेतली. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली आणि १९८२ साली बाजारात आलेली ही वस्तू १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची असून मधोमध १५ मिलिमीटरांचे छिद्र आहे. आवाजाची सर्पिल रेघ इतकी बारीक की तिच्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांत एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दीडपट अंतर असते. लोक चकाकती बाजू जपतात आणि नाव लिहिलेली बाजू खुशाल टेबलावर घासतात. वस्तुतः चकाकत्या बाजूला प्लास्टिकची जवळजवळ सगळी जाडी रेघेचे रक्षण करीत असते, तर नावाच्या बाजूला धातूच्या पातळ थरावर रोगणाचे नाममात्र आवरण असते. तिकडचा ओरखडा थेट आवाजापर्यंत पोहोचतो. शिवाय गुरुजींच्या सीड्या कारखान्यात छापलेल्या नव्हत्या, घरी भरलेल्या होत्या. अशा सीडीत आवाज एका रंगद्रव्याच्या थरात उमटलेला असतो आणि ऊन, उष्णता यांनी तो रंग हळूहळू विटतो.

बाजारातल्या पारदर्शक डबीत ही तबकडी मधल्या छिद्राशी दातेरी खुंटीवर अडकवलेली असते. कल्पना चांगली आहे, कारण त्यामुळे दोन्ही बाजू अधांतरी राहतात. परंतु काढताना घाईत काठ ओढला जातो, तबकडी वाकते, आणि एकदा का ते दाते मोडले की डबीत ती खुळखुळ वाजू लागते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्यास ती प्रत्येक वेळी आतबाहेर होताना घासते. म्हणून मी छिद्र सोडले आणि काठाचा विचार केला.

तबकडीच्या केंद्रापासून ध्वनीची नोंद फार तर ५८ मिलिमीटरपर्यंत जाते. काठ ६० मिलिमीटरवर. म्हणजे भोवताली दोन मिलिमीटरांची एक रिकामी किनार उरते, आणि तेवढीच मुभा सुताराला आहे. फळीत दोन मिलिमीटर खोल उभी खाच घेतली तर तिच्यात तबकडीच्या काठाचा किती भाग बसेल, याचा हिशेब मी रात्री पाटीवर मांडला, तेव्हा तो सुमारे तीस मिलिमीटर निघाला, आणि मला फार आनंद झाला. डावीकडे तीस, उजवीकडे तीस, तळाशी तीस, झाकण मिटले की वरून आणखी तीस. तबकडी चार ठिकाणी केवळ काठावर तोललेली, उभी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना हवेखेरीज कशाचाही स्पर्श नाही! खालच्या पेटीची उंची ऐंशी मिलिमीटर धरली, म्हणजे तबकडीचा वरचा तिसरा हिस्सा झाकण काढताच मोकळा होतो, अंगठा आणि मधले बोट काठावर आपोआप पडतात, आणि ती न वाकता सरळ वर येते.

पहिली पेटी मात्र फसली. ती मी वाळलेल्या सागाची न करता हाताशी असलेल्या आंब्याच्या फळ्यांची केली, आणि तळाची फळी आडव्या रेषांची घातली. उन्हाळ्यात सगळ्या खाचा एका ओळीत होत्या. पुढे आषाढात, आहुपे-भीमाशंकरकडचे ढग दिवसच्या दिवस घोड नदीच्या खोऱ्यावर बसून राहिल्यावर, गुरुजींच्या घरी ती पाहिली तो काय, शेवटच्या चारपाच खाचा बाजूच्या खाचांपासून सरकलेल्या आणि त्यांतल्या तबकड्या किंचित पिळलेल्या! लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, रेषांना आडवे फुगते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. बाजूच्या आणि तळाच्या खाचा एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे मी विसरलो होतो. गुरुजी एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. दुसरी पेटी मी जुन्या वाड्याच्या तुळईतून निघालेल्या, चांगल्या मुरलेल्या सागाची केली. दोन्ही बाजू आणि तळ यांच्या रेषा पेटीच्या लांबीला समांतर घेतल्या, तळाची फळी सरसाने न चिकटवता खाचेत मोकळी बसवली, म्हणजे तिला फुगायचे असेल तितके रुंदीत फुगावे.

आत मी काहीच लावले नाही. मखमल धूळ धरून ठेवते, रेक्झिन उष्णतेने चिकट होते, पॉलिशचा दर्प बंद पेटीत कोंडतो. म्हणून आतले लाकूड नुसते रंधून कोरे ठेवले आणि लाखेचा हात बाहेरूनच फिरवला. डांबराच्या गोळ्या तर कटाक्षाने वर्ज्य केल्या. सागाला वाळवी सहसा लागत नाही आणि त्याच्या पोटात ऊनही शिरत नाही, एवढे पुरे होते. गुरुजींना कुलूप हवे होते. "किल्ली हरवली तर तुम्ही पटाशीने उघडाल," असे मी म्हणालो, आणि कडी-कोयंड्याऐवजी शिसवीची एक खुंटी बसवली, जी पाव फेरा फिरवली की झाकण सुटते आणि पेटी उलटी झाली तरी आपण होऊन फिरत नाही.

राहता राहिली फेहरिस्त. पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असत, आणि रुमालात काय आहे हे बाहेरूनच समजले नाही तर एका कागदासाठी सगळा गठ्ठा सोडावा लागणार, हे उघड आहे. सीडीवर बॉलपेनने लिहिणे म्हणजे त्या नाजूक बाजूवर टोचणेच. म्हणून मी पेटीच्या काठावर खाचांचे आकडे कोरले आणि झाकणाच्या आतल्या अंगाला कागद सरकवण्यापुरती पट्टी ठेवली. तेथे गुरुजींनी हातकागदाचा ताव कापून घातला. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता आणि तिथल्या कागद्यांनी पुण्यात कागदीपुरा वसवला, हे त्यांनी मला त्या वेळी सांगितले. ताव घालून झाल्यावर ते ठळक अक्षरांत एकेका बाईचे नाव, वाडी आणि खाचेचा आकडा लिहीत बसले.

वीस खाचांपैकी दोन रिकाम्या होत्या. नावे लिहून होताच त्यांनी खुंटी फिरवली, सातवी तबकडी दोन बोटांनी उचलली आणि माझ्या मुलाच्या यंत्रावर लावण्यास दिली. प्रथम जात्याची घरघर आली, मग गळा साफ केल्याचा आवाज, आणि मग ओवी सुरू झाली. गुरुजींनी झाकण मिटले, पण खुंटी फिरवली नाही. तबकडी परत यावयाची होती.