थाई करी, मीठ आणि नानांची भूक

आपल्याकडील हॉटेलांच्या यादीत थाई करीचे रंग दोन, लाल आणि हिरवा; फार तर पिवळा. रुग्णही मला तसेच विचारतात, ‘डॉक्टर, थाई करी चालेल का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. थायलंडमध्ये ज्याला ‘केंग’ म्हणतात, त्यात नारळाच्या दाट रसातील कालवणापासून पालेभाज्यांच्या पातळ कढणापर्यंत सारे काही येते. हे मला उमगले ते वडिलांच्या निमित्ताने.

आई गेल्यानंतरच्या वर्षात नानांचे वजन सहा किलोंनी उतरले. वय ७८, रक्तदाब जुना, हृदयाची ताकद थोडी कमी झालेली, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी रोज सकाळी. मीठ बेताचे, तेल बेताचे आणि अखेरीस भूकही बेताची. तपासण्यांत वजन घटण्याचे दुसरे कारण सापडले नाही. धाकटी बहीण नोकरीनिमित्त बँकॉकला असते. तिने नानांना महिनाभर बोलावून घेतले. मीही बरोबर गेलो.

बँकॉक आणि भोवतालचा मध्य थायलंड हा नारळाच्या दुधाचा मुलूख. गवती चहा, कुलंजन, लसूण, छोटे कांदे, मिरच्या आणि कोळंबीचा खारवलेला गोळा दगडी खलात कुटायचा, नारळाच्या दाट दुधात परतायचा, ही तेथील रीत. हिरवी ‘केंग खिआव वान’ व दाट ‘फनेंग’ ही तिचीच रूपे. ‘मस्समन’ मात्र मुस्लिम वळणाची. तिच्यात दालचिनी, वेलची, लवंग, बटाटा आणि शेंगदाणे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उत्तरेला चिआंग माईच्या डोंगराळ भागात समुद्र दूर, त्यामुळे जुन्या पाककृतींत नारळ अभावानेच. तेथील ‘केंग हांगले’ ब्रह्मदेशाकडून आलेली. आले, चिंच आणि डुकराचे चरबीदार मांस. नानांनी ती नम्रपणे नाकारली. ‘केंग खे’ हे नाना प्रकारच्या पाल्याचे पातळ कालवण मात्र त्यांनी भातावर ओतून घेतले. ईशान्येकडील ‘ईसान’ प्रांतात ‘केंग ओम’ होते, तेही नारळाशिवाय, आणि त्यात चक्क शेपू! ताटात शेपूचा वास येताच नाना म्हणाले, “अरे, ही तर आपलीच भाजी, परदेशात आलेली.” त्या प्रांतात ‘प्ला रा’ हा आंबवलेला मासा सर्रास वापरतात. तो नीट उकळलेलाच खावा. तेथील गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून यकृतकृमी पोटात जातो आणि पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारण ठरतो, हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेले आहे.

नानांचे मन रमले ते दक्षिणेच्या ‘केंग सोम’मध्ये. ‘सोम’ म्हणजे आंबट. ओल्या हळदीने पिवळी धमक, मासा, कच्च्या पपईच्या फोडी आणि नारळाचा थेंबही नाही. आंबटपणासाठी चिंच, किंवा आपल्या कोकमाच्याच कुळातील एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. कोकणात जन्म गेलेल्या माणसाने पहिल्याच घासाला मान डोलावली आणि वर्षभरानंतर प्रथमच भात मागून घेतला.

मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. नारळ नाही म्हणजे कालवण निरुपद्रवी, असा समज होणे सोपे आहे. वाटीभर घट्ट नारळाच्या दुधात २० ग्रॅमहून अधिक संपृक्त मेद असतो, हे खरे. पण त्याचा हिशेब वर्षांचा. मिठाचा हिशेब दोन दिवसांचा. दुबळ्या हृदयाच्या माणसाने खारट खाल्ले की पाय सुजतात, रात्री धाप लागते. माशाच्या खारट अर्काच्या, म्हणजे ‘नाम प्ला’च्या, एका मोठ्या चमच्यात तीन ते चार ग्रॅम मीठ असते, जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी सांगते पाच ग्रॅमहून कमी. दक्षिणेकडचीच ‘केंग ताइ प्ला’ तर माशाच्या खारवलेल्या आतड्यांची. ती आम्ही टाळली.

‘केंग सोम’ बंद करावी, असे मला वाटले नाही. ७८ व्या वर्षी घटणारे वजन हाही आजारच आहे. बहिणीने ती घरी करायला घेतली. नाम प्ला अर्धा चमचा, कोळंबीचा गोळा नखभर, चिंच, हळद आणि गवती चहा सढळ हाताने. वयाबरोबर जिभेची जाण मंदावते, तेव्हा आंबट चव आणि सुगंध मिठाची जागा बरीचशी भरून काढतात. तेथील जेवणाची रीतही उपयोगी पडली. थाई घरात भात मुख्य. कालवण मध्यभागी, प्रत्येकाने दोन-दोन चमचे घ्यावे. रोज सकाळी वजन करायचे, घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहायचे, हा नेम बहिणीने पाळला. महिनाअखेर वजन किलोभर वाढले होते. पायांवर सूज नव्हती. म्हणजे ते पाणी नव्हते, अन्न अंगी लागले होते.

घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. ‘चालेल का’ याच्या आधी ‘त्यात काय आहे आणि किती’ हे विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नारळाचे दूध व बटाटा यांतील पोटॅशियमबद्दल, आणि रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी सुरू असेल तर पालेभाज्यांच्या प्रमाणाबद्दल, आपल्या डॉक्टरांशी बोला. गिळायला त्रास होत असेल तर पातळ रस्सा ठसका देतो; तो भातात कालवून मऊ करा. मीठ जरूर मोजा, पण त्याबरोबर ताटात उरलेला भातही मोजत चला.