कमानीचं केंद्र हवेत असतं

सपाट भिंतीचा गिलावा दुरुस्त करायला सरळ पट्टी पुरते. कमानीवरच्या नक्षीला ती पुरत नाही, कारण कमानीचं केंद्र हवेत असतं. जिथे काहीच नाही, तिथे खिळा ठोकायचा असतो.

वाईच्या आमच्या घरात ओटीवरून माजघरात जाताना एक कमान लागते. तिच्या कडेने चुन्याची पट्टी फिरते: दोन पन्हळी, मध्ये गोल उंचवटा. उजवीकडचा हातभर तुकडा गळून पडला. तिथे पूर्वी कुणीतरी सिमेंटचं ठिगळ लावलं होतं. ते पडताना शेजारचा जुना चुनाही घेऊन पडलं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सहजी सोडू देत नाही. पाणी मागे अडकतं, क्षार साठतात आणि कडक ठिगळाभोवतीच्या मऊ चुन्याचा भुगा होतो.

गवंडी म्हणाले, "सगळं तोडून पीओपी करू, दोन दिवसांत." काका म्हणाले, "उद्या वाडा बिल्डरलाच द्यायचाय, कमानीचे लाड कशाला?" बाबा गप्प बसले. बाबा गप्प बसतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, एवढं आता मला कळतं. मी म्हटलं, "चार शनिवार-रविवार द्या. पुण्याहून येऊन मी करतो."

आधी मापं. कमानीची रुंदी 120 सेंटिमीटर, उंची 40. रुंदीच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागायचं आणि त्यात निम्मी उंची मिळवायची. त्रिज्या आली 65. म्हणजे केंद्र कमान जिथून वळायला लागते त्या रेषेच्या 25 सेंटिमीटर खाली. तिथे आडवी फळी अडकवली, खिळा ठोकला, दोरी फिरवली. डावी बाजू तंतोतंत जुळली. उजवीकडे दोरी कडेच्या एक सेंटिमीटर बाहेर गेली.

सूत्र बरोबर आणि कमान चूक, असं म्हणायचा मोह आमच्या पेशात फार असतो. पण सूत्राप्रमाणे तुकडा भरला असता तर दोन्ही सांध्यांवर पायरी दिसली असती. नवं काम शेजारच्या जुन्याशी जुळायला हवं, वहीतल्या वर्तुळाशी नाही. म्हणून दोरी सोडली. पातळ प्लायवूडची पट्टी शाबूत कडांना टेकवून वाकवली आणि स्क्रूने बसवली. शाबूत नक्षीचा छेद कागदावर उतरवून तसा पत्रा कापला, कानशीने घासला. हा साचा पट्टीवरून रुळावरच्या डब्यासारखा सरकवायचा.

चुना विरवून मुरवलेलाच आणला. कळीचा चुना घरी विरवू नका; पाणी पडताच तो उकळतो. तयार चुनाही डोळ्यांत गेला तर डोळा गमवावा लागू शकतो, म्हणून गॉगल आणि हातमोजे हवेतच. जुनी भिंत टकटक करून पोकळ भाग काढला, ब्रशने धूळ झाडली, पाणी मारलं. कोरडी भिंत चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि थर पकडत नाही. एक भाग चुना, तीन भाग वाळू. सेंटिमीटरपेक्षा पातळ थर, त्यावर ओरखडे, मग थांबायचं, मग पुढचा थर. शेवटचा थर बारीक वाळूचा. दर वेळी साचा एकाच दिशेने फिरवायचा. चौथ्या-पाचव्या फेरीला उंचवटा हळूहळू दिसू लागतो.

मग वर ओलं गोणपाट. भट्टीत दगडातून निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून परत घेत चुना पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. या कामाला डेडलाइन लावता येत नाही.

वाड्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. प्रॉपर्टी कार्डावर पाच नावं आहेत. काकांनी ग्रुपवर फोटो मागितला, पाहिला, काही लिहिलं नाही. बुधवारी मी ऑफिसात असताना बाबांचा फोन आला. "गोणपाट दुपारीच वाळतंय रे. मी आता दोनदा पाणी मारतो."