फादरांची बदली

बँकेतल्या माणसाला बदलीची ऑर्डर आली की घरात सुतक आल्यासारखे होते. त्यातून गाव परभाषेतले असले तर विचारूच नका. माणूस सामानाबरोबर आपली भाषाही बांधून नेतो आणि तीन वर्षांनी घडी न मोडता परत आणतो. मधल्या काळात तिथल्या भाषेत तो एकच वाक्य शिकतो : 'उद्या या.' काउंटरवर तेवढे पुरते.

म्हणूनच मला फादर थॉमस स्टीफन्स या गृहस्थांचे भारी नवल वाटते. हे मूळचे इंग्लंडातल्या विल्टशायरचे, जन्म 1549 च्या सुमाराचा. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक राहणे जिकिरीचे. त्यांनी रोम गाठले आणि जेझुइट झाले. 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून जहाजात बसले, ते 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरले. साडेसहा महिन्यांचा प्रवास, आणि टी. ए. बिल नाही! तीन आठवड्यांच्या आत त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र धाडले. त्यात जहाजावर माणसांच्या हिरड्या कशा सुजतात हे आहे, आणि माडाचे कौतुकही आहे : तेल, दारू, साखर, दोर, चटया, सगळे एका झाडापासून! इतक्या लवकर ज्याला माड कळला तो कोकणात टिकणार, हे कोणीही सांगावे.

टिकले म्हणजे किती? चाळीस वर्षे. सासष्टीच्या खेड्यापाड्यांतून धर्मगुरूचे काम केले आणि 1619 मध्ये गोव्यातच देह ठेवला. ईस्ट इंडिया कंपनी जन्मली 1600 साली. त्याआधी एकवीस वर्षे हा इंग्रज इथे आला, आणि व्यापार सोडून व्याकरण करीत बसला! 1583 मध्ये भावाला कळवतो की, इकडच्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. विल्यम जोन्स यांनी हेच सांगितले ते 1786 साली. फादरांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात 1640 मध्ये छापले गेले. पण 'ख्रिस्तपुराण' मात्र 1616 सालीच राचोलला निघाले. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवी. सुमारे अकरा हजार ओव्या! आमच्या शाखेत चार ओळींचा मराठी अर्ज लिहायचा तर तिघे जण बसतात.

आता कॉमर्सवाल्याने खात्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. फादरांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती. ते येण्याआधी, 1567 मध्ये, सासष्टीतली देवळे पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले. मग पोर्तुगीजांनी बोलणी करायला म्हणून बोलावून गावच्या म्होरक्यांना मारले. जुनी पुराणे बंद झाली, तेव्हा नव्या ख्रिस्ती लोकांनीच 'मग आम्हांला दुसरे काही वाचायला द्या' म्हटले, असे ख्रिस्तपुराणातच आहे. देवळे नावे टाका, ओव्या जमा धरा. ताळेबंद काही जुळत नाही. अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो. इथेही मी तेच करतो.

पुढची नोंद मात्र स्वच्छ आहे. 1684 साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. लोक आपले बोलतच राहिले. 1961 मध्ये सरकारच गेले. 1616, 1649 आणि 1654 सालच्या छापील पुराणाची एकही प्रत आज हाती नाही. तरी लोकांनी ते हाताने नकलून जपले, आणि 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. कोणाच्याही हुकमावाचून अकरा हजार ओव्या कोणी उतरवून काढतो, त्या काही परक्याच्या म्हणून नव्हे.

तेव्हा बदलीवर निघालेल्यांनो, 'उद्या या' जरूर शिका. पण त्याच्या जोडीला तिथल्या भाषेत 'बसा, चहा घेणार?' एवढे तरी शिकून घ्या. अकरा हजार ओव्यांची सक्ती नाही.