फ्रेम निवडताना: काही टिपणे

परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाच्या देवळाभोवती माकडांचा मुक्त वावर. तिथं ढिला चष्मा नाकावर ठेवून फिरू नये. पण चष्मा ढिला आहे हे दुकानात कळत नाही, कारण आरशासमोर आपण ताठ उभे असतो. देवापुढं डोकं टेकवताना, खुरपताना, मोटारसायकलला किक मारताना तसे नसतो. म्हणून फ्रेम घालून दुकानातच खाली वाकावं, मान हलवावी, मोकळं हसावं. वाकल्यावर घसरली तर नाकाला ती सैल आहे. हसल्यावर गालांनी वर उचलली तर खोलीला जास्त आहे.

*

काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात: ५२, १८, १४० असे काहीतरी. ५२ मिलिमीटर ही काचेची रुंदी, १८ हे नाकावरचं दोन काचांमधलं अंतर, १४० ही काडीची लांबी. जुना चष्मा चेहऱ्याला नीट बसत असेल, तर हे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी निम्मं काम झालेलं असतं.

*

दुकानदार सांगतात ते ठोकताळे असे. गोल चेहऱ्याला कोनांची फ्रेम, चौकोनी जबड्याला गोलाई असलेली, लांबट चेहऱ्याला जरा खोल काचेची. फ्रेमची रुंदी एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत, त्याबाहेर नाही. वरची कड भुवईच्या वळणानं जाणारी. बुबुळ काचेच्या मध्याजवळ.

यातलं शेवटचं कधी सोडू नये. बाकीचं सोडता येतं. बाबासाहेब आंबेडकरांचा चेहरा भरलेला, रुंद. तरी त्यांच्या कितीतरी छायाचित्रांत चष्मा गोलच आहे, आणि तो त्यांना काय शोभतो! गावोगावच्या पुतळ्यांतही चष्मा असतोच. चेहऱ्यावरचं तेज ठोकताळ्यात बसत नाही.

*

खिशातली पाचशेची नोट उलटून पाहावी. मागच्या बाजूला गांधीजींचा चष्मा आहे. स्वच्छ भारत अभियानाचं हे बोधचिन्ह २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलं. चेहरा काढलेलाच नाही, दोन गोल काचा आणि एक दांडी. तरी माणूस ओळखू येतो. चष्मा चेहऱ्याचा इतका भाग होऊ शकतो, तर तो निवडायला अर्धा तास जास्त लागला म्हणून कुणी घाई करू नये.

*

नंबर आधी, फ्रेम नंतर. मायनसचा नंबर मोठा असेल तर काच कडेला जाड होते; फ्रेम जितकी मोठी तितकी जाड कड दिसते आणि वजन नाकावर येतं. अशांनी छोटी, पूर्ण कडेची फ्रेम घ्यावी. जवळचा आणि लांबचा नंबर एकाच काचेत हवा असेल तर मात्र काच फार अरुंद चालत नाही. खाली वाचायला जागा उरली पाहिजे.

*

आपल्याकडचा उन्हाळा फ्रेमलाही लागतो. घामानं धातूच्या फ्रेमवर हिरवट थर धरतो, नाकावरच्या गाद्या पिवळ्या पडतात. उन्हात उभ्या गाडीत चष्मा ठेवला तर काचेवरचा लेप तडकतो, प्लास्टिकची फ्रेम वाकते. शेतात वावरणाऱ्याला हलकी, लवचीक, जाडसर प्लास्टिकची फ्रेम बरी. धूळ पुसताना आधी पाणी, मग कापड. पदरानं कोरडी पुसली की ओरखडे आलेच.

*

जत्रांत तयार चाळिशीचे चष्मे मिळतात. दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, बुबुळांतलं अंतर ठरावीक. ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत त्याचं पोथीपुरतं भागतं. एका डोळ्याचा नंबर वेगळा असेल किंवा तिरपा नंबर असेल, तर डोकं दुखायला लागतं. चेहऱ्याला शोभला तरी तो चष्मा आपला नव्हे. आणि त्या वयात डोळ्यांची तपासणी व्हायलाच हवी. काचबिंदू सुरुवातीला बहुतेकदा काहीच त्रास देत नाही.

*

‘सावळ्या रंगाला हे शोभणार नाही’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर ऐकू नये. गडद निळी, मातकट लाल, तपकिरी, सोनेरी, सगळ्या लावून पाहाव्यात. नथ, कुंकू, फेटा, टोपी, जे रोज अंगावर असतं ते घालूनच दुकानात जावं. फेट्याखाली जाड काडी कानामागं रुतते.

*

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात. ही मोठी गोष्ट आहे. पण वाटपाच्या टेबलावर चार-पाच तऱ्हांच्या फ्रेम आणि एक आरसा असायलाच हवा. सातवीतल्या मुलीला तिच्या चेहऱ्याला न शोभणारी, कानाला टोचणारी फ्रेम दिली, तर चिडवण्याच्या भीतीनं चष्मा दप्तरात राहतो आणि फळा पुसटच दिसतो. मोफत घेणाऱ्यालाही आवडनिवड असते. तिनं स्वतः निवडलेला चष्मा ती घालेल, आणि तो घातला तरच सरकारी खर्च सार्थकी लागेल.