दुखू द्यायचंच नाही

सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. आगाशीच्या आमच्या घरात या वेळा सगळ्यांना पाठ आहेत, कारण त्या माझ्या मॉर्फिनच्या आहेत. रात्रीची मात्रा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. दुखायला लागण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघून गोळी घ्यायची. सोबत पोट साफ होण्याचं औषधही रोज, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच.

माझा स्तनाचा कॅन्सर मणक्यात पसरलाय. बरा होणार नाही, हे मला माहीत आहे. एका ठिकाणी "आता घरी न्या" एवढंच सांगून आमची बोळवण झाली, तेव्हा मला कूससुद्धा बदलता येत नव्हती. मुलांनी गाडीत आडवी घालून परळला टाटा हॉस्पिटलात नेलं. तिथल्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या विभागाच्या, डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, दुखणं थांबलं तर आधी काय कराल?"

मी म्हटलं, "सुकेळी करीन."

मणक्याला एकदाच रेडिएशन दिलं, मॉर्फिन सुरू झालं. त्या मोसमात मी अंगणात खुर्चीवर बसून पिकलेली राजेळी केळी सोलली. उचलठेव सुनेने केली. उन्हात वाळून केळी मधासारखी तांबूस झाली, की सुक्या पानांत घट्ट बांधायची. ती बांधणी मात्र मी कुणाला करू दिली नाही.

मॉर्फिन म्हटलं की आमच्याकडे लोक शेवटचंच समजतात. कुणी म्हणतं, सवय लागेल. दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या मात्रेने सहसा व्यसन लागत नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. २०१४ साली कायदा बदलून हे औषध ठेवणं सोपं केलं, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही. एवढ्या स्वस्त गोळीसाठी दुखणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी विरार लोकलच्या गर्दीत का चेंगरावं? ती तालुक्या-तालुक्यात मिळालीच पाहिजे.

वांद्र्याला बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांना सांभाळणारं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पण मला घरीच राहायचंय. पुढे आयसीयू नको, नळ्या नकोत, हेही सांगून ठेवलंय. धाकटा ऐकूनच घेत नव्हता. डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवलं, रडू दिलं, मग समजावलं. आता दर रविवारी तोच माझ्या आठवड्याच्या गोळ्या मोजून डबीत भरतो.