पायवाट सोडू नकोस

दिवाळीच्या सुट्टीत घरात मुले असली की टीव्हीचा आवाज आणि भांडणे ठरलेलीच. पण 2007 सालच्या दिवाळीत बडोद्यातल्या त्या मराठी घरात विलक्षण शांतता होती. बारा वर्षांचा नातू तीन दिवस कोचाच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. दुबईच्या मामाने त्याला पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता आणि सोबत एक चकती : ‘मेडल ऑफ ऑनर : हीरोज’.

‘‘डोळे जातील अशाने. आणि खेळ तरी कसला, तर माणसं मारायचा!’’ आईची कुरकुर चालू होती. वडील म्हणाले, ‘‘सुट्टी आहे, खेळू दे.’’ आजोबा काहीच बोलले नाहीत. वर्तमानपत्राची घडी घालून ते नातवाच्या शेजारी जाऊन बसले.

पडदा पोस्टकार्डाहूनही लहान. त्यावर धूर, पडकी घरे, धावणारे शिपाई. खेळणाऱ्याला स्वतःचे फक्त हात आणि बंदूक दिसते. जणू लढाई त्याच्याच डोळ्यांनी पाहायची. डाव्या अंगठ्याने चालायचे, उजव्याने चार बटणे दाबून नजर फिरवायची.

‘‘कुठलं गाव रे हे?’’ आजोबांनी विचारले.

‘‘इटली, आजोबा. दुसरं महायुद्ध. यात तीन देश आहेत. इटली, हॉलंड आणि बेल्जियम.’’

आजोबांनी चष्मा पुसला आणि ते पुढे सरकले. नातवाचा शिपाई रस्ता सोडून गवतातून धावू लागला, तसे ते एकदम ओरडले, ‘‘अरे, पायवाट सोडू नकोस!’’

नातू खळखळून हसला. ‘‘काही होत नाही, आजोबा. मेलो तर पुन्हा सुरू करता येतं.’’

आजोबा हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आमचे आबा होते इटलीत.’’

घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. आबा मूळचे कोकणातल्या माणगाव तालुक्यातले, मराठा पलटणीत शिपाई. 1946 साली ते गावी परतले, पण लढाईविषयी कधी बोलले नाहीत. फक्त एक सवय घेऊन आले. शेतावर जाताना कितीही उशीर झाला तरी मळलेली वाट सोडून ते गवतात पाऊल टाकीत नसत. पोरांनी टाकले तर पाठीत धपाटा बसे. गाव त्यांना हसायचे. जर्मन सैन्य मागे हटताना जमिनीत सुरुंग पेरून गेले होते आणि आबांचा एक सोबती पाणी आणायला म्हणून गवतातून गेला होता, एवढेच ते एकदा बायकोजवळ बोलले. पुढचे विचारायची हिंमत कोणी केली नाही.

‘‘मग यात आपली माणसं कुठे आहेत?’’ आजोबांनी पडद्याकडे बोट दाखवले.

नातवाने जरा विचार केला. ‘‘नाहीत, आजोबा. तिन्ही हीरो अमेरिकन आहेत.’’

खेळाला नावही अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे. खेळ बनवणाऱ्यांनी आपल्या माणसांची गोष्ट सांगितली, त्यात त्यांचा दोष तो काय? पण इटलीच्या त्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले होते. त्यांपैकी 5,782 जण तिथेच पडले. इटलीत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातल्या वीरांचे, आणि त्यांतले दोघे मराठा पलटणीचे, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव.

त्या हिवाळ्यात आजोबा नातवाला घेऊन माणगावला गेले. नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापुढे उभे राहून त्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ असलेली हकीकत सांगितली. तारीख 10 जुलै 1944, टायबर नदीचे खोरे. मशिनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सारे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती गन बंद पाडली, पुढे एकाला गोळी घातली. उरलेल्या दोघांशी बंदुकीच्या दस्त्याने झुंजले, कारण मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. दोघेही पडले, पण लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी घाडगेही कोसळले. त्यांचा देह सापडला नाही.

नातू पुतळ्याकडे बघतच राहिला. मॅगझिन बदलायला लागणारे ते दोन-तीन सेकंद त्याच्या बोटांना चांगले ठाऊक होते. खेळात अनेकदा त्याच सेकंदांत त्याचा शिपाई मेला होता. परतीच्या गाडीत त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘किती वर्षांचे होते ते?’’

‘‘बावीस.’’

त्यानंतर त्याने खेळ सोडून दिला, असे मात्र नाही. सगळ्या लढाया जिंकूनच त्याने चकती खाली ठेवली. पण रात्री जेवताना तो आजोबांना आबांविषयी विचारू लागला आणि इतकी वर्षे बंद असलेली ती पेटी हळूहळू उघडली.

पीएसपीची विक्री 2014 च्या सुमारास थांबली. नातवाचे यंत्र आता कपाटात पडून आहे. आजोबाही राहिले नाहीत. 2023 सालच्या जुलैत इटलीतल्या मोन्तोने गावात यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. ती बातमी वाचून नोकरीला लागलेल्या नातवाने वडिलांना फोन केला, ‘‘बाबा, आज आजोबा हवे होते.’’

मुलांच्या हातातला खेळ हिसकावून घेणे सोपे असते. त्या दिवाळीत आजोबा नुसते शेजारी जाऊन बसले. तेवढ्याने त्या घराला आपले आबा परत मिळाले.